तबकडीवरचा हात

पनवेलच्या आमच्या वस्तीत जयंतीच्या तयारीची बैठक समाजमंदिरात भरते, तेव्हा दरवर्षी एकाच विषयावर आवाज चढतात. वर्गणीवर नाही, मिरवणुकीच्या मार्गावरही नाही, डीजेवर. दोन वर्षांपूर्वीही तसेच झाले. ज्येष्ठ कार्यकर्त्यांचे म्हणणे असे की डीजे बंद करावा, लेझीम ठेवावे आणि व्याख्यान तरी वेळेवर सुरू करावे. तरुणांचे म्हणणे, मग मिरवणुकीला माणसे कोठून आणणार? मी ज्येष्ठांच्या बाजूने बोललो. तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेला, साउंडच्या दुकानात काम करणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, मला स्पीकरची भिंत नकोच आहे. एक तबकडी, एक मिक्सर आणि दहा मिनिटं द्या. मी स्क्रॅच करून दाखवतो." कोणीतरी बोलले, "रेकॉर्ड घासायची आणि त्याला संगीत म्हणायचं?" सगळे हसले. मीही हसलो. मुलगा खाली बसला.

घरी आल्यावर त्या हसण्याची लाज वाटली, कारण ते हसू माझ्या ओळखीचे होते. मी महाविद्यालयात शिकत होतो त्या काळी आमच्यातले लोक कविता लिहू लागले होते, आणि 'याला कविता म्हणायचं?' असे विचारून अगदी असेच हसणारे प्राध्यापक मी पाहिले होते. 1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनासुद्धा त्यातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले होते. पण त्यांनी विचारले. मी त्या मुलाला काही विचारले नव्हते. पुढे विचारले, ऐकले, काही वाचले, आणि त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो आहे. प्रश्न साधा आहे : तबकडी हाताने पुढेमागे घासून काढलेला आवाज माणसाच्या मनातले काही सांगू शकतो काय? की ती नुसती करामत आहे?

आधी एक शब्द साफ करून घेऊ. आपल्याकडे 'डीजे' म्हणजे माणूस नव्हे. 'डीजे लावला', 'डीजे आणला', 'डीजे पोलिसांनी जप्त केला' असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत असते. मूळ इंग्रजी शब्द डिस्क जॉकी. तबकडी चालवणारा माणूस. आपल्या मराठीने त्यातला माणूस उतरवून दिला आणि सामान तेवढे ठेवले. बैठकीतल्या भांडणाचा निम्मा घोळ या एका शब्दात आहे. ज्येष्ठ सामानाविरुद्ध बोलत होते, आणि तो मुलगा हाताबद्दल बोलत होता.

आता स्क्रॅचिंग म्हणजे नेमके काय होते ते पाहू. तबकडीवर एक बारीक नागमोडी खाच कोरलेली असते. सुई त्या खाचेतून जाताना थरथरते. त्या थरथरीचा विजेत आणि विजेतून आवाज होतो. मोठी तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे या ठरलेल्या वेगाने फिरते, म्हणून आवाज जसा भरला तसा ऐकू येतो. हाताने तबकडी पुढे ढकलली की खाच सुईखालून भरभर जाते आणि सूर चढतो. वेग मंदावला की सूर उतरतो. मागे ओढली की शब्द उलटा होतो. दुसरा हात मिक्सरवर असतो. तेथे क्रॉसफेडर नावाची आडवी सरकपट्टी असते. तिने आवाज क्षणात उघडतो, क्षणात मिटतो. म्हणजे एक हात सूर वाकवतो आणि दुसरा तोडतो. तबकडी व फिरती थाळी यांच्यामध्ये गुळगुळीत कापडाची चकती घालतात, त्यामुळे खालची थाळी आपल्या वेगात फिरत राहते आणि वरची तबकडी हाताच्या आज्ञेत राहते. यंत्र जपानमधल्या मात्सुशिता कंपनीचे, टेक्निक्स एसएल-1200. ते 1972 साली निघाले. त्यात पट्ट्याऐवजी थाळी थेट मोटरीवर बसवली होती, म्हणून हात सोडताच तबकडी लगेच वेग पकडी. बनवणाऱ्यांच्या मनात घरी बसून गाणी ऐकणारा शौकीन होता. पण ते भलत्याच लोकांच्या हाती गेले.

ते लोक न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातले काळे आणि पोर्तो रिकन. त्यांच्या वस्त्यांच्या मधून क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे हा रुंद रस्ता काढला गेला होता. घरे पाडली गेली, उरलेल्या इमारती ओस पडल्या, पुष्कळ जळाल्या. महामार्गाच्या आणि नव्या शहराच्या आखणीत गावे कशी विरतात हे पनवेल-उरणच्या माणसाला वेगळे सांगायला नको. अशा वस्तीत 11 ऑगस्ट 1973 रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरच्या एका इमारतीतील दिवाणखान्यात क्लाइव्ह कॅम्पबेल नावाच्या जमैकातून आलेल्या तरुणाने बहिणीसाठी नाचाचा कार्यक्रम ठेवला. तिला शाळा सुरू होताना नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिकीट लावले होते. लोक त्याला कूल हर्क म्हणत. गाण्यात जेथे सगळे थांबून नुसता ताल वाजतो, तेथे लोक जास्त नाचतात हे त्याने हेरले. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू लागला. आपल्याकडे दलित पँथर 1972 सालची. आपल्या पोरांनी ऑकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले, तेव्हा त्याच काळ्या माणसांची धाकटी भावंडे न्यूयॉर्कमध्ये काय करीत होती याची येथे कोणाला खबर नव्हती. असणार तरी कशी!

पुढची पायरी जोसेफ सॅडलरची, ज्याला ग्रँडमास्टर फ्लॅश म्हणतात. हा विजेची उपकरणे दुरुस्त करायला शिकलेला मुलगा. तबकडीवर खुणा करून नेमक्या जागी परत कसे यायचे याचे त्याने शास्त्र बनवले. आई शिवणकाम करी, त्यामुळे त्याला कापडाची जाण होती. फेल्ट कापडाला खळ देऊन, इस्त्री करून त्याने तबकडीखाली घालायची चकती बनवली. आणि थिओडोर लिव्हिंग्स्टन, ज्याच्या नावावर स्क्रॅचिंगचा शोध लावतात. 1975च्या सुमारास, बारा वर्षांच्या आसपासचा हा पोरगा घरी मोठ्याने गाणी लावून बसला होता. आई दारात येऊन आवाज कमी कर म्हणून रागावली. त्याने तबकडी हाताने धरून ठेवली आणि आई बोलत होती तोवर तो ती नकळत पुढेमागे हलवीत राहिला. कानावरच्या त्या आवाजाने तो थबकला. मग कित्येक महिने त्यावर मेहनत करून त्याने ते लोकांपुढे आणले.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. तबकडी हाताने फिरवून आवाज काढणे यापूर्वी कोणी केलेच नव्हते असे नाही. अमेरिकन रचनाकार जॉन केज याने 1939 मध्येच वेग बदलणाऱ्या टर्नटेबलांसाठी रचना केली होती. पण ती 'प्रयोग' म्हणून ग्रंथात गेली आणि ब्राँक्सच्या पोरांची घासाघाशी 'गोंगाट' म्हणून पोलिसांत. पुढे 1983 मध्ये हर्बी हॅन्कॉक या नामवंत जाझ वादकाने 'रॉकिट' या रचनेत ग्रँडमिक्सर डीएसटी याचे स्क्रॅचिंग घेतले, तेव्हा कोठे जगभरच्या कानांना कळले की हे वाद्य आहे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप यंत्राचा : यंत्रात भावना कोठून येणार? हा आक्षेप रायगड जिल्ह्यातल्या माणसाने तरी घेऊ नये. आमच्याकडे ज्याला बँजो म्हणतात, ज्याच्या पार्ट्या पनवेल, उरण, अलिबागच्या गावोगावी आहेत, ते वाद्य मूळ बँजो नव्हेच. 1912 साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता याने टंकयंत्रासारखी बटणे लावून 'ताइशोगोतो' नावाचे तंतुवाद्य बनवले; तेच हिंदुस्थानात बुलबुल तरंग झाले आणि आमच्या पोरांनी त्याला वीज जोडून मिरवणुकीत उभे केले. नाव मात्र बँजो, जे मुळात आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या वाद्याचे. जपानी खेळण्यासारखे यंत्र, गुलामांच्या वाद्याचे नाव आणि आगरी, कोळी, बौद्ध पोरांची बोटे. हळदीच्या रात्री त्यावर जुने गाणे वाजते तेव्हा नवरीची आई डोळे पुसते; यंत्र आहे म्हणून ती थांबत नाही.

यंत्राच्या आक्षेपाची आणखी एक हकीकत आहे आणि ती आपल्या प्रतिष्ठित संगीताच्या अंगणातली आहे. हार्मोनियमवर आकाशवाणीने 1940 साली बंदी घातली, ती 1971च्या सुमारास सैल झाली. कारण काय दिले जाई? हार्मोनियमच्या पट्ट्या ठोकळ्यासारख्या, एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारतात. मधली वाट, म्हणजे मींड, त्यात नाही, आणि हिंदुस्थानी संगीताचा प्राण त्या मधल्या वाटेत आहे. चांगले आहे. मग ज्या यंत्रात ती मधली वाट आहे, जेथे हाताच्या गतीने सूर सलग चढतो आणि सलग उतरतो, त्याला काय म्हणाल? टर्नटेबलात पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत. हार्मोनियमवर ज्या उणिवेसाठी तीस वर्षे बंदी होती ती उणीव या यंत्रात औषधालाही नाही. शास्त्राच्याच मोजपट्टीने मोजायचे तर आधी हे उत्तर द्यावे लागेल.

माझ्या मते भावनेचा उगम याच ठिकाणी आहे. नाट्यशास्त्राने स्वरांना रस वाटून दिले. गांधार-निषादाला करुण, आणखी कोणाला वीर. पण दुःखात माणूस गांधार लावून रडत नाही. त्याचा आवाज घसरतो, मध्येच तुटतो, एकच अक्षर तीन वेळा फुटते, शब्द सुरू होतो आणि गिळला जातो. मयताच्या घरी बाया हेल काढून रडतात तो हेल ऐका : वर चढतो, खाली कोसळतो, श्वासाशी तुटतो. रागाचेही तसेच. तोतरेपणा, दम लागणे, आवाज बसणे या सगळ्या गोष्टी स्वरांच्या पलीकडच्या, सुराच्या घसरणीत आणि तुटण्यात राहणाऱ्या. स्क्रॅच करणाऱ्याचे दोन हात नेमके हेच करतात. एक घसरवतो, एक तोडतो.

लोकवाद्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. डग्ग्यावर तळहाताची टाच दाबून घासत नेली की 'घें' वर चढतो. त्या घासण्यातच ठेक्याची सगळी गंमत. यल्लम्माच्या जोगतिणींचे चौंडके घ्या. एका तोंडाला चामडे, त्यातून ओवलेली तार. एका हाताने तार ताणायची, दुसऱ्याने छेडायची. ताणली की सूर वर, ढिली केली की खाली. चौंडके अक्षरशः बोलते, हुंदके देते. ज्या मुलींना देवाच्या नावाने गावाच्या हवाली केले गेले, त्यांच्या खांद्याला हे वाद्य अडकवले गेले होते, हेही विसरू नये.

स्क्रॅचिंगमध्ये सर्वांत जास्त घासला गेलेला आवाज कोणता असेल? 1982 साली निघालेल्या फॅब फाइव्ह फ्रेडीच्या 'चेंज द बीट' या तबकडीच्या मागच्या बाजूला, शेवटी, यंत्रातून गाळून आलेला एक उद्गार आहे. त्याची सुरुवात लांबट 'आऽ' अशी. जगभरच्या स्क्रॅच करणाऱ्यांनी हजारो तबकड्यांतून हा एक सुस्कारा निवडला, कारण स्वर वाकवायला आणि अर्थ बदलायला त्याच्याइतका मोकळा आवाज दुसरा नाही. तोच 'आऽ' हळू ओढला की कण्हणे होते, झटक्यात ढकलला की किंकाळी, तुकडे केले की कुत्सित हसणे. आणखी एक ऐकण्याजोगी चीज म्हणजे कॅनडाच्या किड कोआलाची 2000 सालची 'ड्रंक ट्रम्पेट'. त्याने ट्रम्पेटचा सूर हाताने वाकवून त्यातून लडखडणारी, झिंगलेली धून वाजवली आहे. ऐकताना आधी हसू येते आणि हळूहळू त्या झिंगलेल्या माणसाची कीव येऊ लागते. ही कीव मूळ तबकडीत नव्हती. ती हाताने आणली.

दुसरा आक्षेप उसनवारीचा. सूर दुसऱ्याचा, गळा दुसऱ्याचा, तबकडी कंपनीची. मग तुमचे काय? हा आक्षेप वजनदार आहे आणि मी त्याला उडवून लावणार नाही. स्क्रॅच करणारा शून्यातून काही निर्माण करीत नाही. पण कीर्तनकार दुसऱ्याचा अभंग घेऊन उभा राहतो, कव्वाल दुसऱ्याचा शेर घेतो, आणि आंबेडकरी जलशाने तर तमाशाचा सगळा साचा, गण, गवळण, वग, उचलला आणि त्याच्या पोटात दुसरेच भरले. भीमराव कर्डकांच्या जलशाला कोणी उसनवारी म्हणाले तर आपण त्याला काय उत्तर देऊ? पाहायचे ते हे की घेतलेल्या वस्तूचे पुढे काय केले. ज्याने तबकडी लावली आणि बटण दाबून हात वर केले, त्याने काहीच केले नाही. आणि खरे सांगायचे तर आज मिरवणुकीतले शंभरातले नव्वद 'डीजे' हेच करतात. संगणकावर गाणे आधीच कापून-जोडून ठेवलेले असते. त्या प्रकाराची बाजू घेण्यासाठी हा लेख नाही.

तबकडीबद्दल एक जुनी शिस्त होती, ती आज लोक विसरले आहेत. ग्रामोफोन असलेल्या घरात पहिला नियम : तबकडीला हात लावायचा नाही. कडेने धरायची, पृष्ठाला बोट लागता कामा नये. लहानपणी ज्या घरात आई धुणीभांडी करायची तेथे मी तबकडीकडे नुसता वाकून पाहत होतो, तरी मालकीणबाई 'हात लावू नकोस हं' म्हणाल्या. त्या तबकडीच्या काळजीने म्हणाल्या की आणखी कशाने, ते मला आजही सांगता येणार नाही. आमच्यासारख्यांच्या कानात ते वाक्य दोन अर्थांनी पडते. महाड याच जिल्ह्यात आहे. 20 मार्च 1927 रोजी तेथे जे झाले तो पाण्याला हात लावण्याचाच प्रश्न होता. उपमा फार ताणू नये, तळे वेगळे आणि तबकडी वेगळी. तरीही, ज्या वस्तूला हात लावायचा नाही तिच्यावर पूर्ण पंजा ठेवून ती थांबवणारा वंचित वस्तीतला पोरगा पाहिला की माझ्या मनात ही गोष्ट येतेच, आणि ती येऊ नये असे मला वाटत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या आतला आहे आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. आपल्या माणसांनी वाद्ये एकदा खाली ठेवली आहेत. विस्तवावर शेकून ताणलेली हलगी आमच्या बापजाद्यांच्या गळ्यात हौसेने नव्हती. ते गावकीचे काम होते. लग्नात वरातीपुढे, जत्रेत पालखीपुढे, मयतापुढे; वाजवायचे आम्ही, आणि सर्वांत शेवटी वाढले जायचे आम्हाला. 1956च्या धर्मांतरानंतर कितीतरी गावांत लोकांनी ठरवून वाजवणे सोडले. त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. माझ्या चुलत्याने हलगी आड्याला टांगून ठेवली, ती उंदरांनी खाल्ली, पण खाली उतरवली नाही. अशा माणसाला नातवाने विचारावे की मी पुन्हा वाजवतो, तर त्याच्या कपाळाला आठी पडणारच. बैठकीतल्या ज्येष्ठांचा विरोध केवळ कान दुखतात म्हणून नाही. त्याच्या मुळाशी ही टांगलेली हलगी आहे. तरुणांना हे कोणी सांगत नाही.

पण नकाराचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. त्या पिढीने हुकमाने वाजवणे नाकारले. वाजवणे नाकारले नाही. त्याच काळात वामनदादा कर्डक गावोगाव गात होते, पुढे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज तबकड्यांवर आले, आणि 1980च्या दशकात कॅसेट आली तेव्हा ते घराघरांत पोचले. ढोलकी, तुणतुणे, हार्मोनियम, सगळे होते. कोणासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून वाजते, एवढेच बदलले होते. या कसोटीवर स्क्रॅचिंग उतरते. ते कोणत्याही गावकीने कोणाच्या गळ्यात बांधलेले नाही.

येथे एक सावधगिरीही नोंदवतो. आपली अभिव्यक्ती आक्रस्ताळी आहे, हा गोंगाट आहे, असे प्रस्थापितांनी म्हटले म्हणून प्रत्येक गोंगाट विद्रोह ठरत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, आणि सणासमारंभासाठी सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. हे नियम कोणाच्या मिरवणुकीला कडक आणि कोणाच्या मिरवणुकीला सैल लागतात, हे चौकात उभा राहणारा कोणीही पाहू शकतो, आणि त्याबद्दल भांडले पाहिजे. पण वस्तीतली बाळंतीण, हृदयविकाराचा म्हातारा, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी ही आपलीच माणसे आहेत. शिवाय कलेच्या अंगाने पाहिले तर स्पीकरची भिंत स्क्रॅचिंगची वैरीण आहे. छातीत धडधडणाऱ्या त्या आवाजात सुराची घसरण ऐकूच येत नाही. हात काय करतो हे कळायला थोडी शांतता लागते. बोटांचे काम फार बारीक असते. 'क्रॅब' नावाचा एक प्रकार आहे. अंगठ्याच्या आधाराने चार बोटे एकामागून एक सरकपट्टीवर फिरवतात आणि एका घासणीचे चार तुकडे करतात. तबल्यावरचा 'तिरकिट' ज्याने ऐकला त्याला ते लगेच उमजेल, पण ऐकू आले तर.

त्या मुलाला अखेर दहा मिनिटे मिळाली. मिरवणुकीत नाही, 13 एप्रिलच्या संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर, दोन साध्या स्पीकरवर. त्याचे यंत्र जुने, कोणाकडून तरी विकत घेतलेले. आता नवी सोय अशी आहे की तबकडीवर गाणे नसतेच, नुसता खुणेचा सूर भरलेला असतो. त्यावरून हाताची हालचाल संगणकाला कळते आणि संगणकातला कोणताही आवाज त्या हालचालीप्रमाणे वाकतो. त्यामुळे ज्यांच्या गाण्याची तबकडी आज कोठे मिळत नाही त्यांचाही आवाज हाताखाली घेता येतो. त्याने आजोबांच्या कॅसेटवरून एका जुन्या भीमगीत गायकाचा आवाज उतरवून घेतला होता. मामा ढोलकीवर बसला; तो बँजो पार्टीतला माणूस, ठेक्याला पक्का.

पहिली दोन-तीन मिनिटे मला करामतच वाटली, आणि तसे प्रामाणिकपणे लिहितो. पोरे शिट्ट्या मारीत होती. मग त्याने गायकाने घेतलेला एक आलाप पकडला. आलापाच्या टोकाशी गायकाचा आवाज किंचित फाटतो, तेवढीच जागा. ती तो पुन्हा पुन्हा मागे ओढू लागला. जुन्या कॅसेटची खरखर त्यात होती. आवाज टोकापर्यंत जाई, फाटे आणि मागे येई. जणू कोणी काही सांगायला उठतो आणि त्याला खाली बसवले जाते. मामाने ठेका धीमा केला. शिट्ट्या थांबल्या. मला बैठकीत खाली बसलेला हाच मुलगा आठवला. त्याच्या मनात ते होते की नव्हते, कोण जाणे. नंतर विचारले तर म्हणाला, "सर, तिथं त्यांचा दम संपतो ना, ते मला आवडतं." एवढेच.

त्यानंतर त्याने बाबासाहेबांचे नाव घेतले. म्हणजे गायकाने उच्चारलेले 'भीम' हे अक्षर पकडले आणि ते तोडून वाजवू लागला. पोरांनी पुन्हा आरोळी दिली. तेव्हा पुढे सतरंजीवर बसलेल्या एका आजी उठल्या. ऐंशीच्या पुढच्या, जलसे पाहिलेल्या. ओट्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "बाळा, आधीचं चांगलं होतं. नाव नको घासू." त्याने हात काढला. तबकडी आपल्या वेगाने फिरू लागली आणि गाणे सरळ पुढे गेले.

यावर नंतर वस्तीत पुष्कळ चर्चा झाली. काहींच्या मते आजींनी बरोबर केले. नावाला तोडायचे नाही. काही तरुण म्हणाले, आपण मूर्तिपूजक झालो काय, नावाचा देव्हारा करायचा नाही हे बाबासाहेबांनीच शिकवले. माझे मत विचारले गेले. मी म्हटले की आजी आक्षेप घ्यायला उठल्या, तेव्हाच त्यांनी आधीचे 'चांगले' होते असेही म्हटले, आणि ते त्यांना कळले होते. आवाजाच्या मोडतोडीतून दुःख सांगता येते हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. म्हणूनच त्याच मोडतोडीने नाव दुखावू शकते हेही त्यांना जाणवले. ज्या आवाजाने काही सांगताच येत नाही, तो घासला काय आणि न घासला काय, कोण उठून आडवे येईल?

मुलाने पुढच्या वर्षी नावाचा तुकडा वगळला. पण त्याला अजून पटलेले नाही. तो म्हणतो, "आजींसमोर नाही वाजवणार. पण घरी वाजवून बघतो, कुठं दुखतं ते." त्याच्या यंत्राची सुई झिजली आहे, नवी महाग पडते. या वर्षीच्या वर्गणीतून ती घ्यावी की नाही, हा विषय येत्या बैठकीत आहे. मी बाजूने बोलणार आहे.